गाडीतच एअर कॉम्प्रेसर बसवायचा तर: जांबोटी-कणकुंबीच्या वाटा तुडवणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटीच्या पुढं, कणकुंबी-चोर्ल्याच्या अंगाला डांबर सोडून लाल मातीत गाडी घातली की फोर बाय फोरचा निम्मा जोर टायरमधल्या हवेवर येऊन ठेपतो. ३२-३४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवेचा टायर ओल्या जांभ्यावर नुसता फिरत राहतो. तोच २० वर आणला की पसरतो, जमिनीला लांबवर टेकतो आणि गाडी मुकाट्यानं वर चढते. हे इकडं गाडी हाकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. तरी हवा सोडायला कुणी धजत नाही, कारण परत भरायची कुठं? २० पीएसआयवर डांबरी रस्त्यानं ७०-८० च्या वेगात बेळगावला परतणं म्हणजे टायरच्या बगला तापवून फोडणं. आणि रात्री त्या रस्त्याला पंक्चरवाल्याचं दुकान उघडं मिळेलच याचा भरवसा नाही. मग हवा न सोडताच रेटून नेतात, गाडी रुतते, आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

कॉम्प्रेसर गाडीतच पक्का बसवलेला असला की माणूस वेळेवर हवा सोडतो. त्याचा खरा फायदा हाच. मात्र बसवताना लोक खोक्यावरच्या आकड्याला भुलतात. '१५० पीएसआय' ही अक्षरं मोठ्ठी छापलेली असतात. आपल्या टायरला लागतात ३०-३५. एका मिनिटाला किती लिटर हवा मिळते हे बघायचं, आणि ती तेवढी मिळत राहते की नाही हे वायर आणि उष्णता या दोन गोष्टी ठरवतात. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

हवेचा हिशेब

थारच्या २५५/६५ आर १८ टायरच्या आत साधारण ६० लिटर पोकळी असते. जिम्नीच्या १९५/८० आर १५ मध्ये चाळीसेक लिटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळं इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, म्हणजे साडेतेरा पीएसआयच्या आसपास. तेव्हा १८ वरून ३२ वर जायला, म्हणजे १४ पीएसआय चढवायला, टायरच्या पोकळीइतकीच बाहेरची हवा आत कोंबावी लागते. थारच्या एका टायरला साठ लिटर, चारींना २४०.

आता हा आकडा कॉम्प्रेसरच्या क्षमतेनं भागा. लायटरच्या सॉकेटवर चालणारा लहान पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर नुसतं भरायलाच बारा मिनिटं लागतात. मधे तो तापून बंद पडतो, त्याचा वेळ वेगळा. चांगला एका मोटरचा कॉम्प्रेसर टायरच्या दाबावर ४०-५० लिटर देतो, त्याला पाच-सहा मिनिटं. दोन मोटरचा मोठा कॉम्प्रेसर १३० लिटरच्या घरात असतो. त्याला दोन मिनिटं पुरतात, मग चाकाभोवती पाइप फिरवण्यातच जास्त वेळ जातो.

घेताना एक विचारायचंच: हे लिटर कुठल्या दाबाला? शून्य दाबाला, म्हणजे पाइप मोकळा सोडून मोजलेला आकडा नेहमी फुगलेला असतो. ३० पीएसआयला किती मिळते तो आकडा मागा. दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. '१०० पीएसआयला ३३ टक्के' म्हणजे दहा मिनिटं चालवलात तर वीस मिनिटं थंड होऊ द्यायचा. टायर भरताना दाब कमी असल्यानं तो याहून जास्त वेळ टिकतो, पण तो आकडा थंड हवेत मोजलेला असतो. एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या बॉनेटखाली तेवढी सवलत मिळत नाही.

चार-पाच गाड्यांच्या ताफ्यात आपली एकच गाडी हवा देणारी असेल, किंवा टायर मोठे घातले असतील, तर दोन मोटरचा घ्या. एकट्याच्या थारला, जिम्नीला, जिप्सीला किंवा बोलेरोला चांगल्या प्रतीचा एका मोटरचा पुष्कळ झाला. पैसे वाचवायचे असतील तर कॉम्प्रेसरचा आकार कमी करा, वायरची जाडी कमी करू नका.

जुन्या जीपला एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चढवून त्यातून हवा काढणारे मिस्त्री अजून भेटतात. हवा भरपूर मिळते हे खरं. पण एसीच्या कॉम्प्रेसरला गॅसबरोबर फिरणारं तेल लागतं. नुसत्या हवेवर चालवला तर तेल घालायची आणि पुढं ते हवेतून गाळायची सोय करावी लागते, नाही तर तो जाम होतो आणि तेल टायरमध्ये उतरतं. ज्याच्या घरी लेथ आहे आणि हाताशी वेळ आहे त्यानंच त्या वाटेला जावं.

टाकी हवी का?

बहुतेकांना नको. चार लिटरची टाकी १४५ पीएसआयला भरलेली असली आणि ती ३५ पर्यंत रिकामी केली, तर बाहेर येते तीस-पस्तीस लिटर हवा. म्हणजे थारचा अर्धा टायर. त्यासाठी अख्खी टाकी, तिचे कंस, ड्रेन व्हॉल्व्ह (साचलेलं पाणी सोडायचा) आणि सहा जोड वाढवायचे, आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा. एअर लॉकर (हवेच्या दाबानं दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असतील, एअर फिल्टरवरची धूळ झटक्यात फुंकायची असेल, किंवा रिमवरून सुटलेला टायर परत बसवायला हवेचा एकदम दणका हवा असेल, तरच टाकीचा उपयोग.

टाकी बसवायचीच ठरवलीत तर ट्रकच्या एअर ब्रेकची नवी टाकी घ्या. ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ती, तिचा ड्रेन व्हॉल्व्ह आणि फिटिंग सगळं एका जागी मिळतं, आणि ती आठ बारच्या, म्हणजे ११५ पीएसआयच्या आसपासच्या कामासाठीच बनवलेली असते. मग प्रेशर स्विचही (ठरल्या दाबाला मोटर बंद करणारा) तेवढ्यातच तोडणारा घ्यायचा, १४५ चा नाही. जुना गॅस सिलिंडर, आग विझवायची नळकांडी किंवा पीव्हीसी पाइपला बूच मारून केलेली 'टाकी' कुणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी नको. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटतो तेव्हा काचेसारखे तुकडे उडतात. सीटमागं असलं काही घेऊन कुटुंबासह फिरू नये, एवढं कळकळीनं सांगतो.

जागा आणि कंस

पहिली पसंती बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळ, आणि टर्बो-सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. बॅटरी जवळ असली की वायर आखूड होते आणि अर्धी लढाई तिथंच जिंकली जाते. रेडिएटरच्या पुढं, बंपरमागं बसवू नका: धडक पहिली तिथंच बसते आणि नाल्याचं पाणीही आधी तिथंच चढतं.

बॉनेटखाली जागा नसेल तर सीटखाली किंवा डिकीच्या बगलेत. तिथं पाणी आणि इंजिनची धग लागत नाही, पण आवाज घुमतो आणि वायर लांबते. गालिचाच्या घडीत कोंबू नका. चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे.

कंसासाठी ३ मिलिमीटरचा एमएस (माइल्ड स्टीलचा) पत्रा, कडा वाकवलेला, पुरतो. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला फॅब्रिकेशनवाल्याकडं पुठ्ठ्याचा नमुना घेऊन जा. आधी पुठ्ठा कापून गाडीत बसवून बघायचा, कॉम्प्रेसर त्यावर ठेवून बघायचा, आणि मगच पत्रा कापायला सांगायचा. कंस गाडीच्या आधीच्याच भोकांत आणि बोल्टवर बसेल असा करा. चासीला किंवा चाकावरच्या आतल्या पत्र्याला नवी भोकं पाडली की जांबोटीचा पाऊस तिथून गंज आत नेतो. अगदीच भोक पाडावं लागलं तर कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीनं सैल न होणारे), आणि कॉम्प्रेसरखाली रबरी बुश. एका मोटरचा कॉम्प्रेसर चार-पाच किलोचा असतो. खड्ड्यात आदळताना त्याचा झटका कितीतरी पटीनं बसतो, आणि वायसरशिवाय कसलेला बोल्ट पत्रा कापत जातो.

बॉनेट टेकतं का हे डोळ्यांनी कळत नाही. कॉम्प्रेसरच्या सगळ्यात उंच टोकावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा. गोळा किती दबला ते पट्टीनं मोजा. २५ मिलिमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत, कारण गाडी हलते तसं बॉनेटही थोडं दबतं. इंजिनच्या बाजूला याहून जास्त अंतर ठेवा. रेस केल्यावर इंजिन आपल्या माउंटिंगवर किती झुकतं ते एकदा दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगून बघा.

कॉम्प्रेसर आडवा चालतो की उभाच लागतो हे त्याच्या पुस्तिकेत असतं. तेल न लागणारे बहुतेक कसेही बसतात, तरी हवा घेणारं तोंड खाली चिखलाकडं येऊ देऊ नका. ते तोंड कॉम्प्रेसरवरच ठेवण्यापेक्षा पाइपनं लांबवून बॉनेटखालच्या सर्वांत उंच, थंड कोपऱ्यात न्या आणि फिल्टर तिथं लावा. इंजिनच्या स्वतःच्या एअर फिल्टरनंतरच्या पाइपाला भोक पाडून हवा घेण्याचा सल्ला काही जण देतात. नव्या गाड्यांत त्या वाटेवर हवा मोजणारा सेन्सर असतो. तिकडं हात लावू नका.

वायरिंग

इथं घाई केली की सगळं वाया. कामाला लागण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा.

तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर वायरचा विरोध मीटरला सुमारे ३.३ मिलिओहम, १० चौरस मिलिमीटरचा २ च्या आत, १६ चा १.२ च्या आसपास. कॉम्प्रेसर ३० ॲम्पिअर ओढतो आणि बॅटरीपासून दोन मीटरवर आहे असं धरा. वीज जाते आणि परतही येते, म्हणून वाट चार मीटर. ६ च्या वायरीत ०.४ व्होल्ट वाटेतच जिरतात, १० मध्ये ०.२३. बॉनेटखाली दोन्ही चालून जातात. मी १० घ्यायला सांगेन. पण कॉम्प्रेसर डिकीत, पाच मीटर लांब असला तर तीच ६ ची वायर पूर्ण एक व्होल्ट खाते, आणि मोटरचा वेग व्होल्टेजच्या मागोमाग उतरतो. तिथं १६ लागतेच. दोन मोटरच्या, ६०-७० ॲम्पिअर ओढणाऱ्याला बॉनेटखालीही १६. वेल्डिंग केबल मऊ असते, वळवायला सोपी जाते. फक्त ती खऱ्या तांब्याची आहे ना ते कापून बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात भरपूर आहे आणि ती या कामाची नाही.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. त्याचं काम वायर जळण्यापासून वाचवण्याचं आहे. तो पुढं कॉम्प्रेसरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते आणि ती कुठं पत्र्याला घासली तर विझवायला काही उरत नाही. ३० ॲम्पिअरच्या मोटरला ४० चा फ्यूज. दोन मोटर असतील तर दोन फ्यूज, दोन रिले (बारीक विजेनं जाड वाट चालू-बंद करणारे स्विच), प्रत्येकाची वाट वेगळी.

रिलेचे चार पाय असे जोडा. ३० वर फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून जाड वायर कॉम्प्रेसरच्या पॉझिटिव्हला. ८५ अर्थला. ८६ वर डॅशबोर्डवरच्या स्विचमधून येणारी बारीक वायर, आणि त्याच बारीक वायरीच्या वाटेत प्रेशर स्विच. रिलेचं कॉइल जेमतेम ०.२ ॲम्पिअर घेतं, म्हणून स्विच आणि प्रेशर स्विच दोन्ही निवांत राहतात. प्रेशर स्विच सरळ मोटरच्या जाड वाटेत घातला तर थोड्याच दिवसांत त्याचे पॉइंट चिकटतात, आणि चिकटलेला प्रेशर स्विच म्हणजे न थांबणारा कॉम्प्रेसर. डॅशबोर्डच्या स्विचला पुरवठा इग्निशन चालू असतानाच मिळेल अशा जागेवरून घ्या, ३ ॲम्पिअरच्या फ्यूजसह. विसरून स्विच चालू राहिला तरी चावी काढल्यावर बॅटरी उतरणार नाही.

रिले बसवताना पाय खाली करून बसवा. पाय वर असले की धुताना, पावसात पाणी सॉकेटमध्ये साचतं. वायरही रिलेत जाण्याआधी एकदा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ झोळातून टपकतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर नेताना रबरी ग्रोमेट हवंच.

टोकाला तांब्याचे लग (वायरीला दाबून बसवायच्या, बोल्टमध्ये अडकणाऱ्या कड्या), आणि ते पक्कडीनं चेपून नाही, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबलेले. इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम करणाऱ्यांकडं क्रिंपर असतो. मोजमाप घेऊन जा, पाच मिनिटांत दाबून देतात. वर हीटश्रिंक चढवा. नुसता डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून लग लावू नका: सोल्डर वायरीत वर चढतं, तिथं वायर ताठ होते, आणि कच्च्या रस्त्याच्या थरथरीत नेमकी तिथंच तुटते.

अर्थला लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि तक्रारी सर्वांत जास्त तिथूनच येतात. कॉम्प्रेसरची निगेटिव्ह वायरही पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. पत्र्याला लावत असाल तर रंग पूर्ण खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, लग कसा, आणि वरून ग्रीस लावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरच एक लहान सेन्सर बसवलेला असतो. तो आत-बाहेर जाणारी वीज मोजतो. अशा गाडीत अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला न लावता सेन्सरच्या पलीकडं, चासीच्या बिंदूवर लावा, नाही तर गाडीच्या संगणकाला कॉम्प्रेसरनं घेतलेली वीज दिसतच नाही.

कंपनीच्या कुठल्याही वायरीला चिरा पाडून जोड देऊ नका. सगळं वेगळ्या हार्नेसमधून केलं की वॉरंटीच्या वेळी वादाला जागा राहत नाही.

हवेची लाइन

कॉम्प्रेसरच्या डोक्यातून निघणारी हवा भाजेल इतकी गरम असते. पहिला अर्धा मीटर स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉनचा होजच हवा. त्याच्यापुढं चेक व्हॉल्व्ह (पुष्कळदा होजमध्येच असतो), मग एक लहान मॅनिफोल्ड (हवेला वेगवेगळी तोंडं देणारा ठोकळा), त्यावर प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज. चेक व्हॉल्व्हमुळं लाइनमधला दाब मोटरच्या डोक्यावर परत येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह प्रेशर स्विचच्या तोडण्याच्या आकड्याहून वर सुटणारा घ्या: स्विच १४५ ला तोडत असेल तर व्हॉल्व्ह १७५ चा.

मॅनिफोल्डच्या पुढं ट्रकच्या एअर ब्रेकचा काळा नायलॉन पाइप चालतो. निळा-पिवळा पीयू पाइप स्वस्त आणि देखणा, पण तापलेल्या बॉनेटखाली तो मऊ पडून फुगतो. त्याला बाहेरच्या, टायरला न्यायच्या पाइपापुरताच ठेवा.

आटे नीट बघा. आपल्याकडं हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकच्या दुकानांत चालतात ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. बाहेरून आलेल्या कॉम्प्रेसरवर बहुधा एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे असतात. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८, आणि दातांचा कोनही वेगळा. पहिले दोन-तीन वेढे दोन्ही एकमेकांत छान जातात, म्हणूनच फसगत होते. उद्यमबागेतल्या होजवाल्यानं असंच एकदा माझ्या हातातला निपल घेतला, थ्रेड गेज लावला आणि म्हणाला, "मालक, ह्यो एनपीटी हाय. आपल्यात घातलासा तर तीन आट्यावर अडकतंय आणि गळतंय." त्यानं लेथवर एका बाजूला एनपीटी, दुसऱ्या बाजूला बीएसपी असा पितळी ॲडॅप्टर करून दिला. बेळगावात हे काम जाणणारी माणसं मुबलक आहेत. हायड्रॉलिक आणि फाउंड्रीच्या धंद्यावरच हे शहर उभं आहे. त्यांच्याकडं कॉम्प्रेसर घेऊनच जा, फोनवर माप सांगू नका.

टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. टोकावर टेप लोंबला तर त्याचा तुकडा सुटून चेक व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि मग दाब का टिकत नाही ते शोधत बसावं लागतं.

बाहेरचा कपलर (टायरचा पाइप अडकवायचं तोंड) बंपरजवळ, पण सर्वांत खालच्या ओळीत नको, आणि त्याला रबरी टोपी असलीच पाहिजे. थारची लांबी चार मीटरला थोडी कमी आहे. कपलर पुढं असेल तर मागच्या पलीकडच्या चाकापर्यंत वळणासकट आठ मीटर पाइप धरा. हवा भरायचं टोक चापानं पकडणारं घ्या, म्हणजे पावसात वाकून हातानं दाबून धरावं लागत नाही.

पहिल्यांदा चालवताना

सगळं जोडून झालं की इंजिन सुरू करा आणि चालू ठेवा. जुन्या गाडीत हेडलाइट, एसी बंद. कॉम्प्रेसर चालू करून मल्टिमीटर हातात घ्या. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, समजा १४.० व्होल्ट. मग कॉम्प्रेसरच्या दोन टोकांवर. १३.५ च्या वर असेल तर काम चोख झालं. १३ च्या खाली असेल तर चोर शोधा: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी कॉम्प्रेसरच्या पॉझिटिव्हवर ठेवा. तेवढ्यात किती व्होल्ट हरवलेत ते थेट दिसतं. मग तसंच निगेटिव्हच्या बाजूला. बहुतेक वेळा दोषी अर्थचा लग निघतो. हे मोजमाप कॉम्प्रेसर चालू असतानाच घ्यायचं. बंद असताना वायर कितीही बारीक असली तरी आकडे सारखेच दिसतात.

मग कपलर बंद ठेवून दाब चढू द्या. प्रेशर स्विचनं ठरल्या आकड्यावर मोटर तोडली पाहिजे. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावा आणि बुडबुडे बघा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी गेज बघितलात तर बारीक गळतीही लपत नाही. ती राहिली तर मोटर अधूनमधून उगाच चालू-बंद होत राहते आणि त्यानंच रिले आधी मरतो.

किती हवा, कुठं

डांबरावर गाडीच्या दारावर लिहिलेला आकडा. खानापूर तालुक्यातल्या ओल्या लाल मातीत आणि गवताळ चढावर २० ते २२. जांभ्याच्या उघड्या दगडांवरही २०-२२ ठेवा, याहून कमी केलात तर दगडाची धार टायरची बगल चिरते. नदीकाठच्या भुसभुशीत वाळूत १५-१८. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिम सोडतो. हवा कमी असेपर्यंत वेग ३०-४० च्या आत.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या मातीचं गणित वेगळं. ती टायरच्या खाचांत भरते, चाकाचा गुळगुळीत रूळ होतो आणि मग हवा कमी करूनही फारसा फरक पडत नाही. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात दोन दिवस गाडी न घालणं हाच उपाय.

ऊसतोडणीच्या दिवसांत शेजारी ट्रॉलीच्या टायरला हवा मारायला बोलावतीलच. टायर मोठा, दाबही जास्त, आणि आपला कॉम्प्रेसर थोड्या-थोड्या वेळानं थांबून चालणारा. मदत जरूर करा, पण दहा मिनिटांनी बंद करून डोकं गार होऊ द्या. हात लावता येत नसेल तर अजून थांबा.

खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. गाडी किती तयार आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आत वस्ती असलेल्या गावांना पावसाळ्यात त्याच कच्च्या वाटा वापरायच्या असतात. जिथं जायची मुभा आहे तिथंही हवा कमी केलेली गाडी वाट कमी उकरते, आणि मागून येणाऱ्या गावकऱ्याच्या दुचाकीला चाकोरीत अडकावं लागत नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचा नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. बॉनेटखाली कंसावर बसवलेला कॉम्प्रेसर गाडीच्या मापांना हात लावत नाही. बाहेर काही लोंबू देऊ नका. हवा आहे म्हणून कर्कश सुरावटीचे हॉर्न जोडायचा मोह टाळा, केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ त्यांना मनाई करतो, आणि केए-२२ असो की एमएच-०९, कुठल्याही नाक्यावर दंड होऊ शकतो. विम्याच्या नूतनीकरणावेळी बाहेरून बसवलेलं विद्युत उपकरण म्हणून कॉम्प्रेसरची नोंद करून घ्या आणि पावती जपून ठेवा.

देखभाल

हवा घेणाऱ्या तोंडाचा फिल्टर उन्हाळ्यात महिन्याला उघडा. लाल धूळ त्याच्यावर पेंडीसारखी बसते, आणि तो गुदमरला की कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि हवा कमी देतो. टाकी असेल तर पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर ड्रेन उघडा. कणकुंबीच्या दमट हवेत पाणी साचायला वेळ लागत नाही. नाल्यातून गाडी काढल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू करू नका, आधी फिल्टर सोडवून तो कोरडा आहे का बघा. गणपतीच्या आसपास पाऊस ओसरला की लग, अर्थ आणि कंसाचे बोल्ट एकदा सगळे कसून घ्या, आणि कॉम्प्रेसर चालू ठेवून व्होल्ट पुन्हा मोजा. पहिल्या दिवशीचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवला असेल तर दोन्ही तिथल्या तिथं ताडून बघता येतात. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला असेल तर पहिल्यांदा अर्थचा लग उघडून साफ करा.